दोन हजार नंबरचा वॉटर पेपर

कवच पारदर्शक येतं, वीतभर लांब.
रंग द्यायचा आतून.
म्हणजे जे सगळ्यात शेवटी घडलं
ते सगळ्यात आधी लावायचं:
शेवटच्या वळणावरची माती,
मग सायलेन्सरची काजळी, मग गंज,
आणि गाडी कोरी होती तेव्हाचा पिवळा
अगदी मागाहून, सगळ्यांच्या पाठीशी.

नेव्हिल म्हणाला होता,
दहा वर्षं रॅलीत धावून
गोदामात पडल्यासारखी दिसू दे, ताई.
सत्तावीस नंबर, त्यातला सात अर्धा पुसलेला.
साडेतीन हजार. हजार आगाऊ.

शिवडीच्या खोलीत टेबल एकच.
मेथी निवडून झाली की त्यावर माझा एअरब्रश.
खिडकीला ओला टॉवेल,
बंदराकडच्या ट्रेलरांची धूळ आत येऊ नये म्हणून.
खोटी धूळ बसवताना खरी चालत नाही.

आबा कॉटवरून बघतात.
रे रोडला चाळीस वर्षं डेंटिंग-पेंटिंग,
ठोकलेल्या फियाटी, चेपलेले टेम्पो,
कुण्या डॉक्टरीणबाईंची निळी हेराल्ड
जी तीनदा आली
आणि तीनदा नवरीसारखी परत गेली.
आता चहा ओतताना बशी वाजते.

"पैसे देतात? जुनी करायचे?"
"देतात."
"आणि आम्हाला नवी करायचे देताना रडायचे."

मी स्पंजचा तुकडा तपकिरीत बुडवला,
बॉनेटवर टेकवणार,
"तिथे नाही सडत."
मग कुठे?
"पाणी साठतं तिथे सडतं. चाकाच्या कमानीत, आतल्या घडीला.
दाराखाली, भोक बुजलेलं असतं तिथे.
बॉनेटचा नुसता रंग उडतो. खडी लागून. पुढून मागे."
हवेत बोट ओढून दाखवलं.
बोट थरथरलं,
आणि हवेत उमटला तो ओरखडा
मला अख्ख्या आठवड्यात जमला नव्हता.

स्पंज त्यांच्यापुढे धरला.
"नको. गंज काढलाय मी. लावणार नाही."

कमान केली. दार केलं.
शेवटी पिवळा फवारला, त्यामागे काळा,
रात्रभर पंख्याखाली वाळवलं,
सकाळी बाहेरचा पापुद्रा सोलला, एका टोकाकडून, हळू.
आबा चष्मा लावून बराच वेळ काही बोलले नाहीत.
मग म्हणाले, "मालक हलकट होता हिचा."
एवढं कौतुक मला पुष्कळ होतं.

रविवारी भांडुपला, पार्किंगच्या गच्चीवर शर्यत.
सोमवारी नेव्हिल गाडी घेऊन दारात:
मागचा कोपरा चिरलेला, त्याला आतून जाळी लावायची.
आणि डाव्या दारावर एक पांढरा चरा,
माझ्या कुठल्याच चऱ्यासारखा नाही.
"हा मात्र ठेव हं ताई. हा आपण कमावलाय."

जाळी आणायला खाली गेले. अर्धा तास.
परत आले तर आबा कॉटवर,
मांडीवर टॉवेल, टॉवेलवर गाडी,
मगात पाणी,
आणि कुठल्या डब्यातून काढला देव जाणे,
दोन हजार नंबरचा वॉटर पेपर, कापडासारखा मऊ झालेला.
"इथे लागलं होतं बघ," म्हणाले. "निघालं."

माझे सगळे ओरखडे जागच्या जागी.
डावं दार स्वच्छ.

मी त्यांना काय बोलले ते इथे लिहीत नाही.
त्यांनी ऐकून घेतलं, पेपर पिळला,
गजावर वाळत घातला.

संध्याकाळी सुई घेऊन बसले.
आता बाहेरूनच पाडायचा होता.
कुठून सुरू झाला होता, आठवेना,
फोटो काढलेला नव्हता.
"द्या इकडे," आबा म्हणाले. मला रागात असले की अहो-जाहो करतात.
नख टेकवलं स्वच्छ दारावर.
"इथून. मागून पुढे, मागची गाडी घासून गेली ना.
इथे जरा थांबलाय. बहुतेक दोघं अडकले होते.
मग इथे, वर उचलून, सुटलाय."

नखाच्या मागोमाग मी सुई नेली.